चौदा कोंबड्यांसाठी वेळ दिलेल्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार,

सप्टेंबरच्या पावसात सोलापूरच्या बाळे भागातून एक जण स्टीलच्या डबीत कोंबड्यांची शिट घेऊन जनावरांच्या दवाखान्यात आला होता बघा, तो मी. त्या दिवशी गडबडीत नीट थँक्यू पण म्हणलो नाही, ते मनात राहिलं म्हणून हे लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण आमच्यासारखे परसात पाच-दहा कोंबड्या पाळणारे सोलापुरात लै आहेत.

आईच्या 14 गावरान कोंबड्या. अंड्याचे पैसे तिचे स्वतःचे, त्यात घरातलं कुणी हात घालत नाही. ऑगस्टपासून अंडी कमी होत होत दिवसाला दोनवर आली, तुरे फिके पडले, उचलून बघितलं तर छातीचं हाड हाताला टोचायचं. आई रोज म्हणायची, "खाऊन पण वाळलाल्यात बघ." आम्हाला वाटलं मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली. मग एक दिवस शिटेत शेवयासारखे पांढरे जंत दिसले, एका दुकानातून जंताचं औषध आणून पाण्यात घातलं, चार दिवस बरं वाटलं आणि परत तेच. आईनं लसूण चारला, कडुलिंब चारला. शेवटी मी तुमच्याकडे आलो, तेव्हा बाहेर म्हशी आणि शेळ्यांची रांग होती आणि मनात सारखं येत होतं की कोंबड्यांसाठी आलोय म्हणलं की आपल्याला परत पाठवतील.

तुम्ही परत पाठवलं नाही. डबीतलं थोडं घेऊन घट्ट मिठाच्या पाण्यात कालवलं, गाळलं, वर काच ठेवली, आणि जंताची अंडी हलकी असतात म्हणून तरंगून काचेला लागतात हे सांगत सांगत मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. लांबट गोल, जाड कवचाची अंडी. एका थेंबात एवढी. शिटेत तांदळाच्या दाण्यासारखं काही हलताना दिसतं का विचारलं, मी हो म्हणलो, तेव्हा तुम्ही सांगितलं की ते चपट्या जंताचे तुकडे, म्हणजे जंत दोन जातीचे आहेत. दुकानातलं औषध पायपराझिन होतं, ते फक्त मोठ्या गोल जंतावर चालतं, म्हणून चपटे तसेच राहिले. हे आम्हाला कोण सांगणार होतं?

मग कोंबड्यांची वजनं करून आणा म्हणालात. आम्ही एकेक पिशवीत घालून काट्याला लटकवली, आणि त्या वजनावर तुम्ही अल्बेंडाझोल आणि प्राझिक्वांटेलचा डोस प्रत्येकीचा वेगळा कागदावर लिहून दिला. औषध घशात ओतायचं नाही, श्वासनळीत जातं, चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडायचं, हे तुम्ही हातानं करून दाखवलं. तीन आठवड्यांनी दुसरा डोस. आणि सांगितलंत तेवढे दिवस अंडी खायची नाहीत, विकायची पण नाहीत. आईला ते जड गेलं पण तिनं गिऱ्हाइकांना स्वतः जाऊन सांगितलं की औषध चालू आहे.

पण मॅडम मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुमच्या त्या एका प्रश्नासाठी, दाणे कुठं टाकता? आम्ही ज्वारीच्या कण्या मोरीच्या पाण्याजवळ खालीच फेकत होतो, तिथं सावली, कायम ओल, आणि शिट पण तिथंच. शिटेतलं अंडं अशा ओल्या मातीत साधारण दोन आठवड्यांत तयार होतं आणि महिनोन्महिने जिवंत राहतं, कोंबडी दाण्याबरोबर ते परत टिपते, म्हणजे औषध पाजत राहिलो असतो आणि खाली जंत पेरत राहिलो असतो. चपट्या जंताचं तर अजून वेगळं, तो मुंग्या, भुंगे, माश्या खाल्ल्या की पोटात जातो. त्याच आठवड्यात मोरीचं पाणी पाइपनं लांब काढलं, वरची माती खरवडली, खुराड्यातला जुना भुसा काढून टाकला, आता दर आठवड्याला बदलतो. दाणे फोडलेल्या पीव्हीसी पाइपात, पाणी दोन विटांवर. पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी, कारण मोठी जंत घेऊन पण तग धरते, पिल्लू मरतं, हे तुमचंच वाक्य. जमिनीवर टाकलेल्या नुसत्या चुन्याच्या भरवशावर राहू नका म्हणालात, ते पण लक्षात आहे.

आता तुरे लाल झालेत, परवा 9 अंडी होती. एक कोंबडी मात्र वाचली नाही, ती फार वाळली होती, आईला अजून तिचं वाईट वाटतं.

पुढच्या महिन्यात तपासणीला डबी घेऊन परत येतो. ह्या वेळी आई पण येणार आहे, ती जंताची अंडी मी एकट्यानं बघितली म्हणून रुसलीय, तिला स्वतःच्या डोळ्यानं बघायचीत. काचेवर काहीच दिसलं नाही तर ती रिकामी काच तरी तिला दाखवा.

तुमचा,
बाळ्याचा 13 कोंबड्यांवाला