सुट्टी मे महिन्यात, कासवं मार्चमध्ये

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या उन्हाळी पर्यटन पुरवणीत ‘गर्दीपासून दूर’ म्हणून काही ठिकाणं सुचवली होती. त्यात कासवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोकणातल्या वेळासचं नाव पाहून बरं वाटलं आणि काळविटांच्या रेहेकुरीचं नाही म्हणून वाईट. मी रेहेकुरीपासून आठ-दहा किलोमीटरवर कर्जतला राहते, तेव्हा ही तक्रार थोडी घरची आहे हे आधीच कबूल करते. पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. एकाही ठिकाणापुढे तिथे कोणत्या महिन्यात जावं हे लिहिलेलं नव्हतं. पुरवणी मे महिन्यात निघाली, म्हणजे वाचकही मे महिन्यातच निघणार. मेच्या मध्यावर वेळासला पोचलेल्या माणसाला आमरस मिळेल, मोकळा किनारा मिळेल, पण ज्यासाठी तो गेला ते कासवाचं पिल्लू बहुधा दिसायचं नाही.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं मूळ गाव. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या वेळी तिथल्या वाळूत अंडी घालायला येतात. एका खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. पूर्वी ती कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली आणि 2006 पासून कासव महोत्सव होऊ लागला. सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि वर टोपली पालथी घालतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. म्हणजे खरा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे मुलांच्या परीक्षा असतात!

आम्ही चार निवृत्त शिक्षिका एका मार्चमध्ये गेलो होतो. पहिल्या सकाळी कार्यकर्त्याने एकेक टोपली उचलून पाहिली, तर सगळ्या रिकाम्या. “आज नाय निघाली, काकू. संध्याकाळी बघू,” एवढं बोलून तो गेला. संध्याकाळीही तेच. आमच्यातल्या एकीची कुरकुर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताना तिसऱ्याच टोपलीखाली वाळू हलत होती. दोरीच्या अलीकडे आम्ही साठ-सत्तर माणसं, आणि पलीकडे ओल्या वाळूवर तळहाताहूनही लहान एकोणीस पिल्लं. लाट येऊन एखाद्याला उलटं मागे फेकायची, की सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अरेरे’ निघायचं. कुरकुर करणारी आमची मैत्रीण सगळ्यात शेवटी हलली. राहायला गावातल्याच घरात होतो, जेवणात ओल्या काजूची उसळ होती, आणि पैसे त्या घरच्या बाईच्या हातात दिले. कासव राखण्यात गावाचा फायदा आहे हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता रेहेकुरी. काळविटांसाठी 1980 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य फक्त 2.17 चौरस किलोमीटरचं आहे. आमच्याच तालुक्यात सिद्धटेकला अष्टविनायकाच्या बसगाड्या येतात आणि भीमा ओलांडून परत जातात. राशीनच्या देवीची हलती दीपमाळ बघायला येणारेही पुष्कळ. पण वाट वाकडी करून रेहेकुरीला जाणारा क्वचित. मोरगावच्या भाविकांचंही तसंच. चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयूरेश्वर-सुपे अभयारण्य त्यांच्या वाटेच्या अगदी जवळ असतं.

माझा मुंबईचा भाचा एकदा मे महिन्यात आला. बसमधून उतरून जेवून निघायला भर दुपार झाली. माळावर उभा राहून म्हणाला, “मावशी, हे तर नुसतं पडीक रान आहे गं.” त्याला काय बोलणार? आपल्या सरकारी कागदांतही गवताळ माळाला वर्षानुवर्षं पडीकच म्हणत आले. झाडं दाट असतील तरच जंगल, ही समजूत आपल्या डोक्यात इतकी पक्की आहे की चांगल्या कुरणात खड्डे खणून रोपं लावली की लोक टाळ्या वाजवतात. काळविटाला मात्र उघडंच रान लागतं. लांडगा लांबून दिसला पाहिजे आणि पळायला जागा पाहिजे, एवढंच त्याचं मागणं.

त्याच भाच्याला मी दिवाळीनंतर पुन्हा बोलावलं आणि सहाला उठवलं. गवत सोनेरी झालेलं, कुसळं पायमोज्यांत घुसत होती. बाभळी आणि हिवरांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात एक काळा-पांढरा नर, पिळदार शिंगं पाठीवर टेकवून, मान ताठ करून माद्यांपुढे मिरवत होता. दुसरा नर जरा जवळ आला, तशी शिंगांची खणाखणी झाली. मग काय बिनसलं कोण जाणे, अख्खा कळप उड्या घेत निघाला. भाचा अर्धा तास गप्प होता, आणि हे त्याच्या बाबतीत दुर्मीळ आहे.

शेजारच्या शेतकऱ्यांची बाजूही सांगायला हवी. रात्री कळप ज्वारी-हरभऱ्यात शिरतात, आणि ज्याचं पीक गेलं त्याच्यापुढे काळविटाचं कौतुक करायला जीभ रेटत नाही. वेळासला पाहुण्यांमुळे गावाला चार पैसे मिळतात, तसं इथे अजून झालेलं नाही. म्हणूनही लोकांनी यावं असं वाटतं, फक्त पहाटे किंवा उन्हं कलल्यावर, आणि गाडीतली गाणी बंद करून.

इतर ठिकाणांचंही असंच आहे. काशीदच्या किनाऱ्यावर शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथून थोड्याच अंतरावरचं फणसाड अभयारण्य शांत असतं. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान. तिथे पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. पावसाळा संपल्यावर जावं, शेकरू म्हणजे मोठी खार दिसते. नांदूर-मधमेश्वर, म्हणजे 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली निफाडची पाणथळ, डिसेंबर-जानेवारीत बघावी. मे महिन्यात गेलात तर थंडीतले पाहुणे पक्षी केव्हाच परतलेले असतात. गोव्यात गालजीबाग आणि आगोंदला कासवं येतात, तीही हिवाळ्यातच.

तेव्हा विनंती अशी, की वर्षातून एकदा आठ पानी पुरवणी काढण्याऐवजी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धं पान द्यावं आणि त्या महिन्यात जिथे जाण्यात अर्थ आहे असं एकच ठिकाण छापावं. सोबत एसटी कुठपर्यंत जाते, राहायची सोय कुणाच्या घरी होते आणि तिथे काय करू नये, हेही असावं. किनाऱ्यावर गाडी घालू नये, हे तर दर वेळी छापलं तरी चालेल. एका हिवाळ्यात कोकणात एका किनाऱ्यावर मी चाकांच्या खुणा पाहिल्या, त्या अंड्यांच्या जागेपासून वीस पावलांवर होत्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कर्जत, जि. अहिल्यानगर

ता. क. – रेहेकुरी छापलंत तर कर्जतपुढे जिल्ह्याचं नाव ठळक टाका. भाच्याचा एक मित्र आम्हाला भेटायचं म्हणून दादरहून कर्जत लोकल पकडून मोकळा झाला होता. वडापाव झकास होता म्हणे.