विज्ञानपेटीची डेडस्टॉकातून सुटका करा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

मी बावीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतेय. एका शाळेत रुजू झाले तेव्हा कपाटात विज्ञानपेटी होती, कुलूपबंद. चुंबक, भिंगे, परीक्षानळ्या, सगळे आले तसेच कागदात गुंडाळलेले. चार्ज देणाऱ्या सरांनी वस्तू मोजून सही घेतली आणि बजावले, "बाई, बाहेर काढू नका. फुटलं तर भरून द्यावं लागेल." दोन वर्षे मी काढलीही नाही. चुंबक पुस्तकातल्या चित्रावरून शिकवला. त्या मुलांची मला आजही रुखरुख आहे.

पुढे टीव्ही आला. व्हिडिओ पाहून मुले एका सुरात सांगायची, "चुंबकाला धातू चिकटतात." मीही पुढे जायचे.

यंदा पाचवीच्या हातात भंगारातल्या स्पीकरचे चुंबक दिले. मुलांनी खिडकीचे गज, दप्तराची चेन, कंपासपेटी, काही सोडले नाही. एक मुलगी पोषण आहाराची ताटली घेऊन आली. "बाई, चमचा चिकटला, ताटली नाही. दोन्ही स्टीलचीच ना?" मग नाणी निघाली. रुपयाचे चिकटले, दहाचे नाही. तांब्याचा गडू नाही, अ‍ॅल्युमिनियमचे पातेले नाही. फळ्यावरचे "धातू" मुलांनीच पुसायला लावले. स्टेनलेस स्टीलमध्ये पुरेसे निकेल मिसळले की ते चुंबकाला चिकटत नाही, हे मी रात्री वाचून दुसऱ्या दिवशी सांगितले. तोवर दोघांनी चुंबकाला सुतळी बांधून ते कोयनेच्या वाळूतून ओढत आणले होते. त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटल्या होत्या! ती वाळू अजून वर्गात बाटलीत आहे.

साहित्य महागच हवे असे नाही. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून मुलांना भूमिती दाखवली. मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम तीस वर्षे मुलांच्या हातून प्रयोग करवून घेत चालला. पण वस्तू हाताळली की झिजणार, फुटणार. आपण मात्र भिंगाची नोंद डेडस्टॉकात, म्हणजे कायम टिकणाऱ्या वस्तूंच्या वहीत, टेबल-खुर्चीच्या रांगेत करतो.

माझी मागणी एवढीच आहे. विज्ञान साहित्य खडूसारखे खर्ची पडणारे धरावे. फुटलेल्या वस्तूचे निर्लेखन, म्हणजे वहीतून नाव कमी करणे, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर शाळेतच व्हावे, आणि दर जूनमध्ये फुटले तेवढे भरून मिळावे. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी पेटीतल्या वस्तू मोजण्याऐवजी एखाद्या मुलाच्या हातात भिंग देऊन त्याला विचारावे, तू याने काय काय पाहिलेस?

माझ्या वर्गात एकोणीस मुले आहेत आणि भिंग एकच. पुढच्या आठवड्यात मुंगीचे पाय मोजायचे आहेत.

– एक प्राथमिक शिक्षिका, ता. पाटण, जि. सातारा