व्हॉल्व्ह माइक : महागडा व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढ लागला की कोल्हापुरात गणपतीच्या गाण्यांची रेकॉर्डिंग सुरू होतात. घरगुती स्टुडिओंतून आता स्वस्त चिनी व्हॉल्व्ह कंडेन्सर माइक, म्हणजे आत काचेची निर्वात नळी (व्हॉल्व्ह) असलेले माइक, बरेच दिसतात. आवाज टोचू लागला की पहिला सल्ला मिळतो तो ६०७२ हा जुना अमेरिकन व्हॉल्व्ह बसवण्याचा. एकेजी कंपनीच्या सी-१२ या माइकात तो होता, म्हणून त्याला भाव. पण हा पैसा बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी जातो.

टोचण्याचं मूळ व्हॉल्व्हमध्ये नसतंच. यातल्या बऱ्याच माइकांत नॉयमन कंपनीच्या के-६७ धर्तीची कॅप्सूल (आवाज पकडणारा पडद्याचा भाग) असते आणि ती वरच्या पट्टीत मुळातच चढी असते. नॉयमनच्या मूळ यू-६७ माइकात हा चढ सर्किट उतरवत असे. स्वस्त माइकात ती सोय गाळलेली असते, म्हणून झांजा आणि 'स', 'श' कानात घुसतात. पहिला टप्पा १२एएक्स७ या व्हॉल्व्हचा, प्लेटचा (व्हॉल्व्हच्या आउटपुट टोकाचा) रेझिस्टर १०० किलोओमचा आणि कॅथोडला बायपास कपॅसिटर असेल, तर प्लेट ते अर्थ ३३० पिकोफॅरडचा पॉलिस्टायरीन कपॅसिटर लावावा. १२ किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबल उतार मिळतो. १२एवाय७ हा व्हॉल्व्ह असेल तर साधारण दुप्पट पिकोफॅरडचा कपॅसिटर लागतो, कारण त्याचा आतला रोध कमी.

पावसाळ्यातली खरखर हा वेगळा विषय, आणि आपल्याकडे तो जास्त महत्त्वाचा. ग्रिडचा (कॅप्सूलची तार व्हॉल्व्हला जिथे मिळते त्या टोकाचा) रेझिस्टर १ गिगाओमच्या घरात असतो. त्यातून १ नॅनोअँपिअर गळती झाली तरी ग्रिडवर १ व्होल्टचा फरक पडतो. गिटार अँप्लिफायरमध्ये तिथे १ मेगाओम असतो, म्हणून तिथे उत्तम चालणारा व्हॉल्व्ह माइकात फटफट करू शकतो. तीच गळती बोर्डावर राहिलेल्या सोल्डरिंगच्या फ्लक्समधून, बोटांच्या तेलकट डागांतून, ओल्या हवेतूनही होते. कॅप्सूल ते ग्रिड हा सगळा भाग आणि व्हॉल्व्हचा सॉकेट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोनदा धुवा, पूर्ण सुकू द्या. त्यानंतर तिथे उघडं बोट लावू नका. कॅप्सूलच्या पडद्याला मात्र अल्कोहोल लावायचं नाही. काम झाल्यावर माइक सिलिका जेलच्या घट्ट डब्यात ठेवा. अर्धी तक्रार इथेच मिटते.

हे सगळं करण्यापूर्वी सप्लाय बंद करून वायर भिंतीतून काढा. आत १०० व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि कपॅसिटर तो धरून ठेवतात. १० किलोओम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून तो उतरवा आणि मीटरने खात्री करा. चालू सप्लायवर माइकची केबल कधीही काढू नये. सप्लायला ११५/२३० असा स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, हे पहिल्यांदाच बघा.

आता व्हॉल्व्ह. १२एएक्स७चा गुणक (सिग्नल किती पट वाढवू शकतो तो आकडा) १००, १२एटी७चा ६०, १२एवाय७ आणि ६०७२चा ४४. पोवाडा, हलगी असा दणदणीत आवाज जवळून घ्यायचा असेल तर १२एवाय७ बरा, कारण त्यात आवाज लवकर फाटत नाही. मात्र बदलल्यावर कॅथोड रेझिस्टर जुळवून प्लेटवरचा दाब सप्लायच्या साधारण अर्ध्यावर आणावा, नुसता व्हॉल्व्ह खोचून भागत नाही. ६०७२चा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) १२.६ व्होल्टला १७५ मिलिअँपिअर घेतो, १२एएक्स७चा १५०. छोट्या सप्लायवर हीटरचा दाब त्यामुळे खाली येतो, तो माइक चालू असताना मोजा. ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ईसीसी८८ तर चुकूनही लावू नका. दिसायला सारखा, पायही नऊच, पण हीटर ६.३ व्होल्टचा. ४ आणि ५ नंबरच्या पायांवर १२.६ व्होल्ट आले की तो जळतो.

एका दुर्मिळ व्हॉल्व्हच्या पैशांत चालू उत्पादनातले तीन-चार सहज येतात. ते घ्या, प्रत्येक चोवीस तास तापवा. मग कॅप्सूलची तार सोडून तिच्या जागी ६८ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा, म्हणजे खोलीचा आवाज मधे येत नाही. माइकचं नळकांडं बंद करून प्रीअँपच्या एकाच गेनवर सगळे ऐका. पेन्सिलच्या रबरी टोकाने माइकच्या अंगावर हलकेच टकटक केल्यावर छोटा टणत्कार चालेल, घुमत राहणारा नको. जो सगळ्यात गप्प, तो ठेवायचा, मग त्यावर नाव कुणाचंही असो.

एवढं करूनही पैसे उरले तर सिग्नलच्या वाटेतले सिरॅमिक कपॅसिटर काढून तेवढ्याच धारणक्षमतेचे पॉलिप्रॉपिलीन लावावेत, २५० व्होल्ट किंवा त्यापुढचे. सिरॅमिक स्वतःच थरथर पकडतात. ६०७२चा विचार त्यानंतर.

आपला,
ध्वनिमुद्रण उपकरणांची दुरुस्ती करणारा एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर