संखेड्याच्या काकांना, आईच्या झोपाळ्यासाठी

ती. काकांस,

सा. न. झोपाळा तुमच्या संखेडा गावच्या कारखान्यातून दुरुस्त होऊन बडोद्याला परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी आई येताजाता त्या दांडीवरून हात फिरवते. म्हणून आज लिहायला बसले.

१९६८ साली तिच्या लग्नात आजोबांनी तो तुमच्या वडिलांकडून, बापूजींकडून करून घेतला होता. गेल्या वर्षी घर बदलताना पाठीच्या दोन दांड्या मोडल्या. एका दुकानदाराने "भंगारात द्या, नवीन घ्या" म्हटलं. दुसऱ्याने आगाऊ पैसे घेऊन चार महिने ठेवून घेतला आणि लाखेवर सरळ ऑइलपेंट फासला. त्या दिवशी आई जेवली नाही. हे मी अजून विसरू शकत नाही, काका.

तुम्ही मात्र नखाने तो रंग खरवडलात, खालची नक्षी दिसली आणि एवढंच म्हणालात, "आ तो बापूजीनुं काम." मग संघेड्यापाशी, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रापाशी बसून सगळं सांगितलंत. तुमच्या आजोबांच्या काळी संघेडा दोरीने फिरायचा आणि ती दोरी तुमच्या आजी ओढायच्या. बापूजींनी मोटर बसवली. आता मुलगा शेजारी बसून सागवान कातत होता. कथलाची पूड सरसात कालवून काढलेली नक्षी अकीकाच्या दगडाने घासली आणि वर लाख चढली की सोन्यासारखी झळकते, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी ते सोनेरी रंगाचं काम समजत होते.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. शेवटच्या दांडीला रंग द्यायच्या वेळी तुम्ही आईला जवळ बोलावलंत, लाखेची कांडी तिच्या हातात दिलीत. तिचा हात थरथरतो. तुम्ही खालून आपला हात धरलात. फिरत्या लाकडावर कांडी टेकली, घासून ऊब आली, लाख विरघळली आणि तांबडा पट्टा उमटत गेला. कडेला जरा वाकडा. मुलगा सारखा करायला सरसावला तर तुम्ही त्याला थांबवलंत.

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या म्हाताऱ्या बाईला इतका वेळ कोण देतं? कारखान्यात कामाचा ढीग पडला होता, मी पाहिला.

आई रोज दुपारी त्या वाकड्या पट्ट्याला पाठ टेकून बसते. होळीनंतर तिला घेऊन येते. तिला तुमच्या बापूजींचा फोटो बघायचाय.

तुमची,
बडोद्याची लेक