वैयक्तिक कारणास्तव

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण घरी येऊन बोलायला लागलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय तोडता.

जुलै 2020 ची ती दुपार. मी तेव्हा पेपरच्या डेस्कवर होतो, बातम्या सुधारून पानं लावायचो. एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच मनाई केली होती. अंक छापायचा, पण लोकांच्या दारात टाकायचा नाही. जाहिराती त्याआधीच आटल्या होत्या. आमचा 16 पानी अंक 10 वर आला, तालुक्यांची पानं एकात एक घुसली. पानं कमी झाली की पानं लावणारेही कमी लागतात, हे काही कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी ऑफिसातून "दुपारी येऊन जा" असा फोन आला तेव्हा मी गाढवासारखा लॅपटॉपचा चार्जर घेऊन गेलो. वाटलं, नवं पान देतील.

समोर ठेवलं ते टाइप केलेलं राजीनाम्याचं पत्र. खाली सहीपुरती जागा. त्यात लिहिलं होतं, "वैयक्तीक कारणास्तव". काका, मी काय केलं असेल? खिशातलं पेन काढलं आणि 'क्ती'ची दुसरी वेलांटी खोडून पहिली केली. सोळा-सतरा वर्षांची सवय. समोरची मुलगी बघतच राहिली. मग "उद्या सांगतो" म्हणून बाहेर आलो आणि पार्किंगमधून तुम्हाला फोन लावला. तुम्हालाच का, हे आजही नीट सांगता येत नाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "वेलांटी सुधारलीस ते ठीक. सही केलीस का?"

नव्हती केली. "मग करू नकोस. राजीनामा हा तुझा शब्द, काढून टाकणं हा त्यांचा. त्यांचा शब्द त्यांना लिहू दे."

दुसऱ्या दिवशी तोंडाला पंचा बांधून तुम्ही आमच्या बिल्डिंगच्या गेटवर आलात. वॉचमनच्या टेबलावर, जुन्या प्रूफच्या पाठकोऱ्या कागदावर मला कायदा शिकवलात. तेव्हा लागू असलेला 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा: संपादकाला सहा महिन्यांची नोटीस, बाकीच्या पत्रकारांना तीन. मी म्हटलं, हे तुम्हाला कसं ठाऊक? तर म्हणालात, "त्या कायद्यात पत्रकार कोण कोण याची यादी आहे. तिच्यात शेवटचं नाव मुद्रितशोधकाचं, म्हणजे आमचं, प्रूफ वाचणाऱ्यांचं आहे. आम्ही वाचली होती. आमच्या वेळी उपयोग झाला नाही, तुला होईल."

मग ग्रॅच्युइटी. मूळ पगार नि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. त्यांच्या हिशेबात वर्षं 16 धरलेली. तुम्ही विचारलंत, लागलास कोणत्या महिन्यात? बोटांवर मोजलंत आणि म्हणालात, "सोळा वर्षं सात महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात. सतरा लिही." पीएफला हात लावू नकोस, असंही बजावलंत. पेन्शनची दहा वर्षं भरली आहेत, ती राहू दे, अठ्ठावन्नाव्या वर्षी आठवण काढशील.

मला शेवटी त्यांच्याच सहीचं पत्र मिळालं, नोटिशीचे तीन महिने आणि सतरा वर्षांची ग्रॅच्युइटी. त्याच दुपारी सही करून बसलेल्या दोघांना एका महिन्यावर वाटेला लावलं. करारावरच्या पोरांना तर तेवढंही नाही. हे त्यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर एवढंच सांगतो: आलेला कागद घरी घेऊन जा, रात्रभर उशाशी ठेवा, सकाळी पुन्हा वाचा.

आता जे मी कधी बोललो नाही ते. 2009 मध्ये तुमचं प्रूफ वाचायचं खातं बंद झालं तेव्हा मी डेस्कवर होतो. "यापुढे सब-एडिटरच आपलं प्रूफ वाचेल," असं मीटिंगमध्ये सांगितलं गेलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पगार एक रुपयानेही वाढला नाही, काम दुप्पट झालं, तरी कुणी ब्र काढला नाही. तुमच्या निरोपाचा समोसा खाल्ला आणि बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीला उशीर होतोय म्हणून उठलो. दुसऱ्याच महिन्यात पहिल्या पानावर 'मुख्यमंत्री'तला 'य' गळाला, तेव्हा तुमची आठवण काढून हसलोसुद्धा. अकरा वर्षांनी मी फोन केला आणि तुम्ही दुसऱ्या रिंगला उचललात. त्यातलं काहीच तुम्ही काढलं नाहीत. काढलं असतंत तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे दोन महिने वाईट होते. पैशाचं म्हणत नाही, ते पुरत होते. रात्री साडेअकरा वाजले की पोटात कालवायचं. पान छपाईला सोडायची वेळ झालीय आणि माझ्याकडे पानच नाही. बायको म्हणायची झोप, मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. दिवसा बायोडेटा लिहायचो: उपसंपादक, वरिष्ठ उपसंपादक, मुख्य उपसंपादक. तुम्ही तो वाचून परत पाठवलात. "ही पदं झाली. काय येतं ते लिही." रागच आला होता. पण लिहायला बसलो. 600 शब्दांचं 250 करता येतं, अर्थ न सांडता. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून फुटलेली जोडाक्षरं सांधता येतात. इंग्रजी, हिंदी कॉपीवरून अर्ध्या तासात मराठी करता येतं. शेतीचं पान सहा वर्षं पाहिलंय. एवढं लिहून होईतो मला जरा श्वास घेता यायला लागला.

पहिलं काम तुम्हीच दिलंत, तुमच्या वाट्याचं. फवारणी पंपासोबत द्यायचं चार पानी माहितीपत्रक, शब्दाला 60 पैसे. मी मथळा ठोकला, "शेतकऱ्यांनो, सावधान!" तुम्ही फुली मारलीत. खाली मी लिहिलं होतं, "फवारणी करताना वाऱ्याच्या दिशेचा विचार करणे हितावह ठरते." त्यावर तुमचा शेरा: "हितावह म्हणजे काय? हा माणूस पाठीवर पंप घेऊन वाचणार आहे. वारा कुठून आला तर काय करायचं, ते सांग."

तेव्हा मला 2017 चं यवतमाळ आठवलं. फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात. मृतांचा आकडा वाढत होता आणि मी रात्री मथळ्यातला आकडा बदलत होतो. एवढ्या बातम्या लावल्या, पण नोझल तुंबलं तर ते तोंडाने फुंकायचं नाही, हे एकदा तरी चौकटीत नीट टाकलं होतं का, ते मला आठवेना. पुन्हा लिहायला बसलो. "वारा तोंडावर येत असेल तर फवारू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष." 1,100 शब्दांचं पत्रक 640 वर आलं. शब्दावर पैसे असल्यामुळे माझंच नुकसान झालं, ते वेगळं. तुम्ही फोनवर म्हणालात, "आता ठीक." सतरा वर्षांत बातमीवर नाव, बायलाइन, कधीमधी मिळाली, पण असं "ठीक" नाही मिळालं.

आज तेच काम पोट भरतं. औषधांच्या सूचना, बँकेच्या ॲपवरची वाक्यं, विम्याचे अर्ज, दिवाळी अंकांच्या मोसमात प्रुफं. पगार डेस्कएवढा व्हायला तीन वर्षं लागली, हेही लिहून ठेवतो, नाहीतर कुणाला वाटेल लगेच जमतं. जुन्या डेस्कवरची आणखी तिघं आता माझ्यासोबत आहेत. त्यांचे बायोडेटे मी परत पाठवले होते.

तुमच्या नावावर शब्दाला दहा पैसे वहीत जमा होतात. तुम्ही घेत नाही, मी लिहायचं थांबवत नाही. रविवारी वही घेऊन येतोय. नव्या पत्रकांची दोन कामं तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहेत, पण डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्याशिवाय हातात देणार नाही. काकूंना विचारलंय, त्या माझ्या बाजूने आहेत.

आपला,
डेस्कवरचा