डायलिसिसच्या रुग्णाचे हृदय: आधी वजनाची वही पाहा

मा. संपादक,
स. न.

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराचा असतो, आणि त्यात हृदय अचानक बंद पडण्याचे प्रमाण मोठे. तरीही आपल्या जिल्ह्यात बरेच नातेवाईक लिपिड प्रोफाइल आणि एक ईसीजी काढून निर्धास्त होतात. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांवरून धोका मोजणारी नेहमीची कोष्टके या रुग्णांचा धोका कमी दाखवतात. खाणे तुटलेल्या रुग्णाचे कोलेस्टेरॉल तर आपोआप उतरते, आणि तोच जास्त धोक्यात असतो.

खरी माहिती डायलिसिसच्या वहीत असते. ६० किलो ड्राय वेटचा (म्हणजे अंगातले जादा पाणी काढल्यावरच्या वजनाचा) रुग्ण ४ किलो वाढवून आला आणि ४ तासांत ते सगळे पाणी काढले, तर पाणी काढण्याचा वेग पडतो ताशी दर किलोला जवळपास १७ मिली. १३ च्या वर गेले की हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडते, बीपी कोसळते, पायात गोळे येतात. असे दर खेपेला घडत राहिले की हृदय कमजोर होत जाते. तेच वजन ३ किलोच वाढले असते तर वेग साडेबारा राहिला असता. हा भागाकार दर खेपेला वहीत लिहायला अर्धा मिनिट लागतो. प्रत्येक केंद्राने तो लिहावा, ही आमची पहिली मागणी. वेग जास्त निघाला तर वेळ वाढवावा, किंवा पाणी दोन खेपांत काढावे.

दुसरी गोष्ट दोन डायलिसिसमधल्या खंडाची. अमेरिकेतल्या सुमारे ३२ हजार रुग्णांच्या नोंदींवरून २०११ मध्ये दिसले, की आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांतही लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू वाढतात. आपल्याकडे अनेक जण सोमवार-गुरुवार असे दोनदाच येतात, म्हणजे गुरुवार ते सोमवार चार दिवस. तेवढ्यात पाणी साचते, पोटॅशियम चढते आणि ठोक्यांची लय बिघडते. म्हणून रविवारी डाळिंब, शहाळे, मूठभर भुईमुगाच्या शेंगा नकोत. शेंगाचटणीतले मीठ तहान वाढवते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तहान आवरणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको. बीपीसाठी म्हणून मिळणारे 'लो सोडियम' मीठ तर घरात आणूच नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते.

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) ड्राय वेट स्थिरावल्यावर एकदा, पुढे दर तीन वर्षांनी, आणि दम किंवा वारंवार बीपी पडणे सुरू झाल्यास लगेच करावी. ती डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी करावी. अंगात पाणी असताना केली तर हृदय फुगलेले दिसते आणि आकडे फसवतात. मधुमेहींना छातीत दुखेलच असे नाही; पहाटेचा दम, मशीनवर पडणारे बीपी हीच खूण असू शकते. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) या रुग्णांत एरवीही वाढलेलेच असते, म्हणून एका आकड्यावर घाबरूही नये आणि सोडूनही देऊ नये. काही तासांनी पुन्हा तपासून तो २० टक्क्यांहून जास्त बदलला का, हे पाहतात. बरे असतानाचा आकडा वहीत असेल तर इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचे काम सोपे होते.

अँजिओग्राफीची वेळ आली तर 'मनगटातून नको, जांघेतून करता येईल का' असे जरूर विचारावे. मनगटाची रक्तवाहिनी खराब झाली तर पुढचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) करायला जागा उरत नाही. लघवी थोडी होत असेल तर तेही सांगावे, कारण अँजिओग्राफीत टोचल्या जाणाऱ्या डायने (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून दिलेल्या औषधाने) ती बंद होऊ शकते. कोलेस्टेरॉलची गोळी डायलिसिसवर आल्यानंतर नव्याने सुरू केल्याने मृत्यू कमी झाल्याचे २००५ आणि २००९ च्या मोठ्या चाचण्यांत दिसले नाही; पण आधीपासून चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नये.

शेवटची विनंती प्रशासनाला. आषाढीत पंढरपूरच्या वाटा वळवल्या जातात आणि डायलिसिसची पाळी चुकते. केंद्रांनी वारीच्या आठवड्याच्या तारखा महिनाभर आधी ठरवून पाळी पुढे न ढकलता अलीकडे घ्यावी, आणि रुग्णाच्या वाहनाला बंदोबस्तातून वाट मिळेल असे पत्र हाती द्यावे.

आपले,
डायलिसिस विभागातील तंत्रज्ञ व परिचारिका, सोलापूर