डोंगरातला मुक्काम आणि ओढ्याचं पाणी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत डोंगरातल्या मुक्कामी भटकंतीबद्दल भरभरून छापून येतं. बूट कोणते, सॅक केवढी, तंबू किती वजनाचा. शौचाला कुठे बसायचं आणि पाणी कसं प्यायचं, हे मात्र क्वचितच. सार्वजनिक वनजमिनीवर सगळ्यात जास्त घाण होते ती इथेच, आणि त्याची झळ पायथ्याच्या गावालाही बसते. वरचा ओढा शेवटी खालीच येतो.

आधी शौचाचं. पाणी, वाट आणि तंबू या तिन्हींपासून किमान ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावलं लांब जावं. खुरप्याने १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा घ्यावा. त्याहून खोल नको, कारण मैला कुजवणारे जिवाणू वरच्या काळ्या मातीत असतात, खाली ते विरळ होत जातात. उथळ खड्डा पावसाने उघडा पडतो, जनावरं उकरतात. दगड उचलून त्याखाली उरकणं ही तर फारच वाईट सवय. तिथे मैला मातीत मिसळत नाही, तसाच पडून राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागतो.

टॉयलेट पेपर, वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅड पुरू नयेत, जाळूही नयेत. वाइप्स आणि पॅडमध्ये बहुधा प्लॅस्टिक असतं. झिपच्या पिशवीत घालून ती दुसऱ्या पिशवीत ठेवली की वास येत नाही. कातळावर किंवा बर्फात खड्डा होतच नाही, तिथे मैलाही असाच खाली आणावा लागतो. ऐकून किळस येईल, पण दुसरा मार्ग नाही.

‘पर्यावरणस्नेही’ साबण ओढ्यात चालतो, हाही मोठा गैरसमज आहे. तो विघटित होतो मातीत. पाणी भांड्यात भरून ६० मीटर लांब न्यावं, तिथेच धुवावं आणि खरकटं गाळून सोबत घ्यावं. शौचानंतर हात साबणानेच धुवावेत. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर, म्हणजे उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूवर, फारसा चालत नाही, आणि गटातल्या एकाचे हात अस्वच्छ असले तर सगळा तंबू आजारी पडतो.

पिण्याच्या पाण्याबद्दल ‘वाहतं पाणी शुद्धच’ हा समज काही केल्या जात नाही. जिआर्डिया या जुलाब लावणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा त्रास सहसा एक-दोन आठवड्यांनी सुरू होतो. तोवर माणूस घरी पोचलेला असतो, ओढ्यावर संशय जातच नाही. उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, आणि २००० मीटरच्या वर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळतं. गॅसची डबी त्या हिशेबाने घ्यावी.

०.१ मायक्रॉनच्या बारीक छिद्रांचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डिया अडवतो, विषाणू नाही. एकदा वापरलेला ओला फिल्टर रात्री गोठला तर आतले पोकळ धागे फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थंडीत तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊनच झोपावं. क्लोरीनच्या गोळीला साधारण ३० मिनिटं लागतात, गार किंवा गढूळ पाण्यात त्याहून जास्त. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा दुसरा परजीवी तिला दाद देत नाही. बाटलीच्या आट्यांमध्ये कच्चं पाणी राहतं, ते तर हमखास विसरलं जातं. गोळी टाकून थोड्या वेळाने झाकण सैल करावं, बाटली उलटी करून आटे त्याच पाण्याने भिजू द्यावेत आणि मग वेळ मोजावी.

वनखात्यांना विनंती अशी, की प्रवेशनाक्यावर तंबू-सामान तपासताना खुरपं आणि मैल्याच्या पिशव्याही पाहाव्यात, नसतील तर अनामत घेऊन द्याव्यात. माहितीफलक वाहनतळावर लावून उपयोग नाही, तिथे सगळे घाईत असतात. तो वाट पहिल्यांदा पाण्याला भेटते तिथे लावावा. पाण्यापासून ६० मीटरवर एक रंगवलेला खांबही रोवावा, कारण हे अंतर डोळ्यांनी नेहमीच कमी धरलं जातं.

आपला,
एक डोंगरभटका वाचक